तळव्याखालची खिडकी

बसथांब्यावरच्या आमच्या पोस्टरवर कुणीतरी नळदुरुस्तीची जाहिरात चिकटवली होती. एवढीशी, तळहाताएवढी, पिवळ्या कागदाची. चिकटवणारा घाईत असणार, कारण कागद तिरका बसला होता आणि त्याच्या खालून खळीचा एक ओघळ माझ्या जिन्यावर उतरला होता. माझ्या म्हणजे मी काढलेल्या. नव्या नृत्यनाट्याचं पोस्टर ही माझ्याच चित्राची छोटी प्रत होती आणि तेच चित्र मोठं होऊन रंगमंचावर मागचा पडदा म्हणून टांगलं जाणार होतं. अंधारात वर चढत गेलेला जिना आणि सगळ्यात वर, उजव्या कोपऱ्यात, एक उजळलेली खिडकी. त्या खिडकीपायी मी जेवणखाण विसरले होते. काचेमागचा तो पिवळा उजेड नुसता पिवळा नाही, त्याच्या आत कुणीतरी जागं आहे असं वाटावं म्हणून मी रंगावर रंग चढवत बसले होते, आणि नळवाल्याने नेमकी तीच झाकली. मी तावातावाने पुढे गेले आणि नखाने कागदाचा कोपरा उचकटायला लागले. "अहो, फाडू नका," बाकावरचे एक आजोबा म्हणाले, "मला नंबर उतरवून घ्यायचाय." मी हात मागे घेतला. आजोबांसाठी नाही. दोन पावलं लांबून मला जे दिसलं होतं ते डोळ्यांपुढून जात नव्हतं म्हणून. खिडकी नसलेलं चित्र बरं दिसत होतं. बरं कसलं, चांगलं दिसत होतं. नळवाल्याच्या कागदासकट, त्याच्या खळीच्या ओघळासकट चांगलं दिसत होतं. खिडकी असताना जिना पोचलेला असायचा. आता तो निघाला होता.

बस आली, आजोबा चढले, बस गेली. मी तिथेच उभी. असा राग आला होता की कुणाचा आलाय तेही कळेना. तिकडे कार्यशाळेत पेंटर पडदा रंगवत होता. जिना पुरा झाला होता, उजवा कोपरा तेवढा त्याने राखून ठेवला होता आणि सकाळीच फोन करून विचारलं होतं, "मॅडम, खिडकीला हात घालू का आज?" मी म्हणाले होते, दुपारी येते, मग घाला. प्रयोग तोंडावर आला होता. आजचा रंग उद्या वाळणार, परवा पडदा चढणार. एकदा तो पिवळा त्या कापडावर बसला की बसला, खरवडून निघत नाही. आणि ही खिडकी काही माझी एकटीची नव्हती. ताईचा शेवट त्या खिडकीवर उभा होता. ताई म्हणजे आमची नृत्यदिग्दर्शिका. सख्खी बहीण नव्हे, पण सख्ख्या बहिणीइतकीच अंगावर येणारी. शेवटच्या प्रसंगात ती स्वतः नाचते. जिन्याच्या पायथ्याशी येते, प्रेक्षकांकडे पाठ करते आणि नुसती मान आणि एक खांदा त्या खिडकीकडे वर नेते. बस, एवढंच. तालमीत ते बघताना मी हातातलं काम विसरायचे. तिला आता काय सांगू? एका नळवाल्याचं म्हणणं आहे की खिडकी नको?

पण म्हणणं नळवाल्याचं नव्हतं, हे मला पिवळा कागद बघितल्याक्षणीच कळलं होतं. तो कागद ज्या मापाचा होता आणि ज्या जागी पडला होता, तशाच जागी माझ्या तरुणपणी माझ्या चित्रांवर एक हात पडायचा. काकांचा. काका आमच्या संचाचे तालवादक. हाताने वाजवायचा मोठा ड्रम मांडीशी घेऊन कोपऱ्यात बसायचे, शेजारी पावडरचा डबा. घाम येऊन हात घसरू नये म्हणून सारखी पावडर चोळायचे, त्यामुळे त्यांच्या पँटवर, दरवाजाच्या कडीवर, चहाच्या कपावर पांढरे ठसे असत. मी संचात नवी होते तेव्हा पहिलं चित्र घेऊन त्या तालमीच्या खोलीत गेले. अख्खं गाव काढलं होतं मी. घरं, कौलं, दोऱ्यांवरचे कपडे, आणि मध्यभागी एक पाण्याची टाकी, जिच्या लोखंडावरच्या गंजाचा कण न् कण मी रंगवला होता. सगळे भोवती जमले, वा वा झालं. काका उठून आले, थोडा वेळ उभे राहिले, म्हणाले, "मला चित्रातलं काही कळत नाही हं," आणि त्यांनी पावडरने माखलेला तळवा सरळ टाकीवर ठेवला. दाबून, ड्रमचा आवाज बंद करताना ठेवतात तसा. "हे नसतं तर?" एवढंच विचारलं आणि हात उचलून परत जागेवर जाऊन बसले. चित्रावर पाच बोटांचा पांढरा ठसा. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आधी अपमानाने आणि नंतर, तोंड धुताना, टाकीशिवायचं गाव डोळ्यांपुढे आलं म्हणून. टाकीच्या जागी रिकामी माती, आणि तिच्या कडेकडेने सगळी घरं एकमेकांकडे बघतायत. त्या रिकाम्या मातीवरच ताईने पुढे तिचा सगळ्यात गाजलेला नाच बसवला. टाकी असती तर ती नाचली कुठे असती? टाकीभोवती फेर धरून?

तेव्हापासून तो रिवाजच पडला. काकांचा हात पडल्याशिवाय माझं चित्र पडद्यावर जात नसे. आणि हे एकतर्फी नव्हतं. संचाबाहेरच्या लोकांना वाटायचं की काका आमचे गुरू वगैरे, आम्ही माना डोलावणारे. काकांना गुरू म्हटलेलं आवडायचं नाही, म्हणायचे, "गुरू कसला, मी दाराशी बसतो म्हणून पहिला दिसतो." ताई त्यांच्या तालावर पाय टाकायची नि मध्येच थांबून म्हणायची, "काका, इथे मला श्वास घ्यायलाही जागा नाही," की ते निमूट चार ठोके गाळायचे. मला तालातलं ओ की ठो कळत नाही. पण एकदा त्यांचा एक तुकडा ऐकताना मला नुसती गर्दी दिसायला लागली, सगळे रंग एकदम पिळून काढल्यासारखी, आणि मी रंगवता रंगवता उठले नि निळ्या रंगाने ओला झालेला हात तसाच त्यांच्या ड्रमवर ठेवला. आवाज दबला. मी स्वतःच घाबरले. वाद्याला असा हात लावतात का कुणी? काकांनी माझ्याकडे बघितलं, मग हाताकडे, मग म्हणाले, "बरोबर. इथे नकोच होतं." तो तुकडा त्यांनी पुन्हा कधी वाजवला नाही. निळा पंजा मात्र चामड्यावर राहू दिला. पुसा म्हटलं तर म्हणायचे, "असू दे, पावती आहे." कुणाचं काय कुणात मिसळलं ते तेव्हा कुणी मोजत नव्हतं. मी तालाकडे बघून रंग कमी केले, ताईने माझ्या रिकाम्या जागा बघून उड्या कमी केल्या, काकांनी ताईचे घोटे बघून ठोके कमी केले. सगळे नुसतं कमी करत होतो, आणि लोक म्हणायचे, केवढं भरलेलं असतं तुमचं काम.

मग काकांचा उजवा हात कापायला लागला. आधी कपबशी वाजायची, मग ठोका सांडायला लागला. एक दिवस ते तालमीला आले नाहीत, तो दिवस लांबत गेला आणि त्यांच्या जागी रेकॉर्ड केलेलं संगीत आलं. रेकॉर्डवर हात ठेवून काय उपयोग? तेव्हापासून मी एकटी काम करते आहे. वाईट चाललंय असं नाही. बक्षिसं मिळाली, मुलाखती झाल्या, मुलाखतीत मी काकांच्या नजरेबद्दल भरभरून बोलले. पण घरी चित्र पुरं करून भिंतीला लावलं की मी त्याच्यासमोर येरझाऱ्या घालत राहते. कुणाला दाखवावं तर जो तो म्हणतो छान. ताईला दाखवावं तर ती चित्र बघतच नाही, स्वतः त्यात कुठे उभी राहील ते बघते. नवऱ्याला दाखवलं तर तो चष्मा लावून येतो, मान वाकडी करतो आणि म्हणतो, "छान आहे गं, पण तुला आवडलंय का?" आवडलं असतं तर तुला कशाला विचारलं असतं बाबा! त्या छान शब्दाचा मला इतका वीट आलाय की कुणी भाजीलाही छान म्हटलं तरी डोकं सटकतं. स्वतःचा हात ठेवून बघितला नाही असं नाही. भिंतीसमोर उभी राहून मी वेड्यासारखी चित्रभर तळवा फिरवत असते. इथे ठेव, तिथे ठेव. पण आपला हात आपल्या लाडक्या जागेवर पडतच नाही. तो बरोबर तिला वळसा घालून जातो आणि कुठल्यातरी बिचाऱ्या दगडावर, ढगावर जाऊन बसतो. या जिन्याच्या चित्रात मी दोन दगड आणि एक कठडा काढून टाकला होता आणि स्वतःवर खूश झाले होते. खिडकीकडे हात फिरकलाही नव्हता. आणि आता कोण कुठला नळवाला येतो, खळीचा ब्रश मारतो, आणि त्याला जमतं!

कार्यशाळेची बस आली ती मी सोडली आणि काकांच्या घराकडची धरली. चित्राची गुंडाळी पिशवीत होतीच. खरं म्हणजे किती दिवसांत गेले नव्हते. जायचं म्हटलं की जिवावर यायचं, का ते मी स्वतःला विचारलं नव्हतं. दार काकूंनी उघडलं. "या, वाट चुकलात वाटतं," त्या म्हणाल्या, पण हसून. काका खिडकीशी खुर्चीत होते, मांडीवर शाल. टीव्ही चालू होता, आवाज बंद. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. "ये रंगारी!" ते म्हणाले. त्या एका हाकेने मी निम्मी विरघळले. त्यांचा ड्रम कोपऱ्यात होता. त्यावर काकूंनी फुलांचा टेबलक्लॉथ घातला होता आणि त्यावर औषधांच्या बाटल्या, चष्म्याची पेटी, टीव्हीचा रिमोट. मला कसंसंच झालं. काकूंच्या ते लक्षात आलं असावं. "जागा कुठेय हो घरात," त्या म्हणाल्या आणि चहाला गेल्या. काकांनी मुलाबाळांची, नवऱ्याची चौकशी केली. उजवा हात शालीवर होता, स्वतःचं स्वतः काहीतरी वाजवत असल्यासारखा. मी नजर काढून घेतली. चहा आला, त्यांनी पेला डाव्या हाताने उचलला. उजवा तिथेच. माझ्या पिशवीत ताईचा फोन वाजला, मी बंद केला.

"काका, चित्र आणलंय," मी म्हणाले आणि जमिनीवर गुंडाळी उलगडली, चार कोपऱ्यांवर काकूंचे चार पेले ठेवले. मी गुडघ्यांवर बसले, काका खुर्चीतून वाकले. त्यांनी बघितलं. वरपासून खालपर्यंत, शांतपणे. आता हात येईल. आता येईल. मी त्या हाताकडे बघत राहिले.

"छान," काका म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा करतायत. "छान म्हणजे?"

"छान आहे. मस्त झालंय."

"हल्ली सगळ्याला छान म्हणतात ते," काकू आतून म्हणाल्या. "परवा डॉक्टरांनी साखर वाढलीय म्हणून सांगितलं, तर म्हणे छान."

काका मिस्कील हसले. मला हसू आलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं, पोस्टरचं, पिवळ्या कागदाचं, पेंटरचं, ताईच्या शेवटच्या मानेचं. बोलता बोलता माझा आवाज चढत गेला. काका ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मग त्या नळवाल्यालाच बोलाव की. आमच्या मोरीचा नळ गळतोय, तोही बघेल."

"काका, मी मस्करी करायला नाही आलेय! आज तो कोपरा रंगवायचाय. ताईचा सगळा शेवट त्यावर आहे. चुकलं तर तिचं वाटोळं, माझं वाटोळं. हात ठेवा ना एकदा. पूर्वी ठेवायचात तसा."

"कशावर?"

"ते मी सांगू? तुम्हाला कळायचं ना! नळवाल्याचा कागद बरोबर पडला तो योगायोग. तुमचा हात दर वेळी पडायचा."

"मला चित्रातलं काही कळत नाही."

"हे तुम्ही नेहमीच म्हणता."

"म्हणतो. पण तू ते कधी खरं धरलं नाहीस." काकांनी टेकून बसत चष्मा काढला. "अगं, मी चित्र कुठे बघत होतो? मी तुझ्याकडे बघायचो. चित्र उलगडलंस की तुझे डोळे सगळीकडे फिरायचे आणि एका जागी चोरून परत परत जायचे. पोरं खिशात काहीतरी लपवून येतात आणि सारखी खिशाकडे बघतात ना, तसे. तिथे हात ठेवायचो, झालं."

मी तशीच गुडघ्यांवर बसून राहिले. कानशिलं तापली होती. टाकीवर, नंतर त्या लाल झाडावर, त्या बोटीवर, इतक्या वर्षांच्या इतक्या चित्रांवर तो हात पडला आणि मी तो शहाणपणाचा हात समजत आले. मुलाखती दिल्या मी! काकांची नजर, काकांची नजर म्हणून जगभर सांगत सुटले, आणि नजर होती माझी. माझीच चोरटी नजर उचलून हे मला परत देत होते. मला फसवल्यासारखं वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे हे सगळं माझ्यापाशीच होतं तर मग इतकी वर्षं मी भिंतीसमोर तळवा फिरवत का मेले, असं झालं. नाही, पण माझ्यापाशी नव्हतंच. आपले डोळे कुठे जातायत ते आपल्याला कसं दिसणार? त्याला समोर कुणीतरी बसलेलं लागतं. हे कळून राग कमी व्हायला हवा होता. तो वाढला.

"म्हणजे नुसता अंदाज मारत होतात?" मी म्हणाले. "आणि चुकला असता तर?"

"चुकायचा की. ती बोट तू ठेवलीस ना? मी हात ठेवूनही ठेवलीस. चांगलं केलंस. ठरवायचीस तूच."

बोट मी खरंच ठेवली होती. विसरले होते. पिशवीत फोन पुन्हा वाजायला लागला.

"बरं, मग आज सांगा," मी हट्टाला पेटले होते. "आज कुठे बघत होते मी? खिडकीकडेच ना? सांगून टाका, म्हणजे मी सुटले."

फोन वाजून थांबला.

"आज तू चित्राकडे बघितलंच नाहीस," काका म्हणाले.

"मग?"

मी बघत होते. या क्षणीसुद्धा बघत होते, आल्यापासून तिथेच बघत होते, नजर काढून घेत होते आणि परत नेत होते. शालीवर तो हात ठोके सांडत होता. काकांनी तो सावकाश उचलला, मला वाटलं आता चित्रावर ठेवतील, आणि त्यांनी तो शालीखाली सरकवला. वरून डाव्या हाताने शाल नीट केली.

"हे नसतं तर?" त्यांनी विचारलं. मस्करीत नाही. टाकीबद्दल विचारलं होतं तसंच, साधं.

काकू आतून रिकामे पेले न्यायला आल्या, आणि पेले चित्राच्या कोपऱ्यांवर आहेत हे बघून तशाच उभ्या राहिल्या. फोन तिसऱ्यांदा वाजला. मी उचलला.

"अगं, कुठे मेलीयेस?" ताई कडाडली. "पेंटर शिडीवर चढून बसलाय, मी खाली उभी आहे. खिडकी करायची की नाही? एक काय ते सांग."

"नाही करायची," मी म्हणाले.

"नाही? अगं बये, आणि मी शेवटी बघू कशाकडे? की शेवट बदलू आता, आयत्या वेळी?"

"बदलू नकोस. मान, खांदा, सगळं तसंच ठेव. तिकडेच बघ."

"तिकडे नुसता अंधार असताना?"

"हो."

"वेड लागलंय तुला. तिथे काहीतरी आहे हे लोकांना कसं कळायचं?"

काका खिडकीबाहेर बघत होते. मी शालीकडे बघत होते. हात दिसत नव्हता आणि मला दुसरं काहीच दिसत नव्हतं. शालीची कड हलत होती.

"कळेल," मी म्हणाले.